सुलेमानचा हात

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी हितेशशेठ घरी आला. दाराबाहेर बूट काढून, वाकून नमस्कार वगैरे. तेव्हाच ओळखलं की काम त्याचं आहे. पेणपासून रोह्यापर्यंत फायबरची केबल ओढायचा ठेका त्याला मिळालाय. गडब, नागोठणे, भिसे खिंड आणि मग रोहा. खांब बहुतेक विजेचेच, त्यांच्यावर परवानगीने आपली केबल लटकवायची. "काका, उभा जन्म तुम्ही टेलिफोन खात्यात लाइनमन होतात. हा रस्ता तुमच्या पायाखालचा. मुकादम म्हणून या," म्हणाला.

थोडे आढेवेढे घ्यावेत असं मनात होतं, पण तोंडातून "कधीपासून?" निघून गेलं. ही आतून म्हणाली, "साठी उलटली तरी गुडघ्याला बाशिंग." म्हणू दे. निवृत्त झाल्यापासून मी घरात नको त्या ठिकाणी ठेवलेल्या खुर्चीसारखा झालोय, हे तिनेच परवा शेजारणीला सांगितलं होतं.

शेठला एकच अट घातली. रोह्याजवळच्या अष्टमी गावचा सुलेमान माझ्याबरोबर हवा.

दुपारी सुलेमानला फोन लावला. आम्ही दोघं एकाच दिवशी खात्यात लागलो आणि एकाच वर्षी बाहेर पडलो. मधली सगळी वर्षं एकाच शिडीवर गेली म्हटलं तरी चालेल. मला वाटलं होतं हा उडीच मारेल. तर म्हणाला, "आता नको रे रघू. पोरगा फैजल दोह्यावरून पाठवतो तेवढं आमाला बास हाय." मी म्हटलं, पैशाचं कोण बोलतंय? पुन्हा एकदा धरमतरच्या खाडीवर वारा खात खांबावर बसायचं नाही का तुला? मग मी जुन्या गोष्टी काढल्या. वादळानंतरची ईद, चिखलातून ओढलेली तार, नागोठण्याचा तो चहावाला. बराच वेळ बोलत होतो. शेवटी म्हणाला, "बरं, येतो. तुला नाय म्हणायला मला कधी जमलंय?"

आज फार बरं वाटतंय.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

काम सुरू व्हायच्या आधी शाळा झाली. रोह्याला एका हॉलमध्ये आम्हा सगळ्यांना बसवलं आणि शिकवायला कोण, तर भाविका नावाची मुलगी. वय माझ्या धाकट्या मुलीएवढं. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय आणि शेठने तिला सेफ्टीवर नेमलीय. कानामागून आली आणि तिखट झाली, अशातला प्रकार.

ती म्हणाली, "काका, फायबरच्या केबलमध्ये करंट नसतो हे खरं. पण ती ज्या तारेच्या आधारावर लटकते ती तार लोखंडाची. शेजारची विजेची तार तिला कुठेही टेकली, की तीसुद्धा विजेचीच तार झाली. म्हणून टेस्टर लावल्याशिवाय हात लावायचा नाही. कुणीच नाही."

मी हात वर करून विचारलं, "पोरी, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून आम्ही तारांना हात लावतोय. कोण मेलं?"

सगळे हसले. ती हसली नाही. म्हणाली, "काका, तुमच्या तारेत पन्नास व्होल्ट होते. म्हणूनच तुम्ही आज मला हा प्रश्न विचारू शकताय."

उत्तर तयार असतं हिच्याकडे. खरं म्हणजे तिचं म्हणणं बरोबरच आहे. टेलिफोनची तार माणूस मारत नाही. घंटी वाजवायचा करंट आला की झटका देते, एक शिवी घालायला लावते आणि सोडून देते. पण म्हणून आम्हाला विजेची तार ओळखता येत नाही असं थोडंच आहे?

सुलेमान मागच्या रांगेत बसला होता. वर्ग सुटल्यावर बघतो तर हा तिच्यापाशी उभा राहून टेस्टर कसा धरायचा ते विचारतोय. आमच्या सुलेमानला टेस्टर! मासोळीला पोहायचा क्लास.

१८ नोव्हेंबर, सोमवार

पहिला दिवस. पेणच्या बाहेर पडलो आणि छाती भरून आली. हे सगळे रस्ते मी खांबांवरून ओळखतो. माणसं गाव मंदिरावरून ओळखतात, मी वळणावरच्या खांबावरून. आता आमचे ते लोखंडी खांब नाहीत, तारा अडकवायचे चिनी मातीचे पांढरे कप नाहीत, तारांवर ओळीने बसणारे वेडे राघूही कमी झाले. शेतातून एक खांब तेवढा वाकून उभा दिसला. त्याच्यावर कारल्याचा वेल चढवलाय कुणीतरी. जीप थांबवून मी आणि सुलेमान बघत राहिलो. हा खांब आम्हीच उभा केला होता.

सुलेमानच्या हाताची गोष्ट इथे लिहून ठेवतो, नाहीतर आमच्यानंतर ती कुणाला कळणार नाही. लाइन बंद पडली की खराबी कुठे आहे ते शोधायला खात्याकडे यंत्रं होती. पण खाडीच्या वाऱ्याने तारा गंजायच्या, यंत्र भलतंच काही सांगायचं. मग सुलेमान वर चढायचा, बोटं जिभेने ओली करायचा आणि तारेवर टेकवायचा. मी खालून एक्स्चेंजला सांगायचो, घंटी सोडा. तो डोळे मिटून बसायचा आणि म्हणायचा, "येतेय, पण अशक्त हाय. गडबच्या पुढं मरतेय." आणि खराबी गडबच्या पुढेच निघायची. साहेब लोकसुद्धा म्हणायचे, सुलेमानचा हात घेऊन या.

त्या वादळाच्या ईदला अष्टमीचे सगळे फोन मुके झाले होते. तेव्हा मोबाइल कुठले? अर्ध्या घरांतली कर्ती माणसं कुवेत-दुबईला. बूथसमोर बायका सकाळपासून नटून उभ्या, कडेवर पोरं. सुलेमान स्वतः रोज्यांच्या महिन्याने थकलेला, ईदची नमाज पढून तसाच माझ्याबरोबर खांबावर चढला. लाइन लागली तेव्हा बूथमधून पहिला "हॅलो" ऐकू आला, आणि खाली उभ्या असलेल्या सगळ्या बायका एकदम रडायला लागल्या. मी आणि तो वरून बघत होतो. त्यानंतर एवढं मोठं काही मी आयुष्यात केल्याचं मला आठवत नाही.

आज तो शिडी चढताना मजा वाटली. प्रत्येक दांड्यावर खाली बघून पाऊल ठेवतोय, उंबरा ओलांडणाऱ्या नव्या नवरीसारखा. मी खालून ओरडलो, "अरे, माप ओलांडतोयस काय?" हसला बिचारा.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

गडब. कामाला वेग आलाय. रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेतला. स्टीलचे पेले, वाफाळता चहा. मी रुमालात धरला तरी चटके बसत होते. सुलेमानने पेला मुठीत धरून संपवला. टपरीवाला बघतच राहिला. मी म्हटलं, हे जुनं हाड आहे बाबा, आता असली माणसं बनत नाहीत. मग विडी ओढत बसलो, तर त्याची विडी अगदी बोटाला टेकली तरी पठ्ठ्या ओढतोच आहे. शेवटी मीच झटकली. एवढा चिकटपणा पूर्वी नव्हता त्याच्यात.

भाविकाशी आज वाजलं. मी टेस्टर न लावता तार ओढायला घेतली म्हणून तिने सगळ्यांसमोर काम थांबवलं. मी सुलेमानचा हात धरून वर केला आणि म्हटलं, "हा आमचा टेस्टर. ह्याला सेल लागत नाहीत."

माणसं हसली, टाळ्या वाजवल्या. सुलेमानने हात सोडवून घेतला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "घे की ते यंत्र, रघू," म्हणाला. "पोरगी सांगते तर घे." मोठ्या मनाचा माणूस. पोरीला वाईट वाटू नये म्हणून स्वतःकडे कमीपणा घेतो.

टेस्टर मी जीपच्या खणात टाकून दिलाय. भाविका म्हणाली, निदान सुरक्षेचा पट्टा तरी बांधा. बांधतो बाई. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, पट्ट्याची मलाही आता गरज वाटते. गुडघे पूर्वीचे राहिले नाहीत.

२७ नोव्हेंबर, बुधवार

विशेष काही नाही. सुलेमानच्या हातून आज नट-बोल्ट सारखे पडत होते. म्हटलं, चष्म्याचा नंबर बदल. म्हणाला, बदलतो.

दुपारी डबे उघडले. सुलेमानच्या बायकोने, मलिकाभाभींनी, माझ्यासाठी वेगळी तांदळाची भाकरी आणि सुक्या कोळंबीची चटणी पाठवली होती, पूर्वीसारखीच. एवढ्या वर्षांत त्या बाईंना माझी आवड विसरायला झालं नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

पेण, हॉस्पिटल

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर कोंबडीचे पाय. पण लिहिलं नाही तर डोकं फिरेल.

मंगळवारी सकाळची गोष्ट. गडबच्या पुढे, खाडीच्या बाजूला. रात्रभर दव पडलं होतं, सगळं ओलं. भाविका दोन खांब मागे होती. आदल्या दिवशी ओढलेली आमची आधाराची तार ताणून बांधायची होती. सुलेमान आधी चढला. बांबूच्या शिडीवर उभं राहून त्याने बोटं ओली करून तारेला टेकवली, आमची जुनी पद्धत. डोळे मिटले. मग म्हणाला, "कायसुद्धा नाय. मेलेली हाय." खाली उतरला.

मी चढलो. पट्टा खांबाला अडकवला. डाव्या हाताने खांबाचं लोखंड धरलं आणि उजव्या हाताने तार.

त्यानंतर मला जे झालं ते शब्दांत सांगता येत नाही. हात माझा राहिलाच नाही. सोडायचं होतं आणि सुटत नव्हता. ओरडायचं होतं आणि जबडा उघडत नव्हता. मग पाय निसटले आणि माझ्याच वजनाने मूठ सुटली असावी. पट्ट्याला लटकून राहिलो. पट्टा नसता तर आज ही घरात एकटी असती.

बाकीचं मला दुसऱ्यांनी सांगितलं. सुलेमान मला धरायला शिडीवर धावला तेव्हा भाविका ओरडली, "चाचा, हात लावू नका!" आधी ती पळत शेजारच्या दुकानात गेली आणि मेन स्विच पाडला. मग मला उतरवलं. त्या दुकानातून पलीकडच्या पत्र्याच्या शेडला गेलेल्या वायरचं वरचं प्लास्टिक घासून गेलं होतं आणि ती आमच्या तारेवर टेकली होती. खाडीचं मीठ बसलेलं, त्यावर दव.

तळहात भाजलाय. छातीला वायरी लावून ठेवलंय, पण डॉक्टर म्हणतात, हृदय मजबूत आहे. ही काही बोलत नाही, नुसती पायाशी बसून असते. बोलली असती तर बरं झालं असतं.

८ डिसेंबर, रविवार

सुलेमान रोज येतो. रोह्याहून एसटीने, सकाळीच. माझ्या उजव्या हाताला बँडेज, म्हणून पेज भरवायचं काम त्याने हिच्याकडून काढून घेतलंय. चमचा माझ्या हनुवटीवर आपटतो, निम्मी पेज लुंगीवर. तरी मी काही बोलत नाही. असा मित्र मिळायला नशीब लागतं. भरवताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

आज भाविका विचारपूस करायला आली. म्हणाली, "काका, एक विचारू? चाचांनी हात लावला तेव्हा तारेत खरंच काही नव्हतं?"

मी म्हटलं, "नव्हतं. असतं तर त्याला मुंग्या आल्या असत्या. त्याच्या हाताला अर्धी मुंगीसुद्धा कळते. तो उतरला आणि मग करंट आला. दुकानदाराने तेव्हाच मोटार-बिटार चालू केली असेल."

"दुकान बंद होतं काका. मीच शेजाऱ्याकडून चावी घेऊन उघडलं."

"मग दव वाढलं असेल."

ती पिशवी उचलून उठली. सुलेमान खिडकीपाशी पाठ करून उभा होता. ती गेल्यावर म्हणाला, "रघू, तुला एक सांगायचं हाय." मी म्हटलं, अरे, मला माहीत आहे तू काय सांगणार. तुला वाटतंय तुझ्यामुळे झालं. वेडा आहेस का? आणि त्याला बरं वाटावं म्हणून वादळाच्या ईदची गोष्ट पुन्हा काढली. ऐकत बसला. पण आज हसला नाही.

११ डिसेंबर, बुधवार

घरी आलो. हितेशशेठ फळं घेऊन आला होता. औषधपाण्याचं सगळं तो बघतोय, चांगला माणूस आहे. त्याला काळजी कामाची. खिंडीतला भाग अवघड, खांब झाडीत, आणि मी अंथरुणात. म्हणाला, "काका, खांबावर आधी चढून सगळं बघून घेणारा, अनुभवी माणूस कुठून आणू?"

मी म्हटलं, "समोर असताना शोधतोस काय? सुलेमानला पुढे घाल. प्रत्येक खांबावर आधी तो चढेल. भाविका काय तो टेस्टर देईल, तोही लावेल. पण डोळे आणि हात त्याचेच."

शेठने माझ्यासमोरच त्याला फोन लावला. स्पीकर चालू होता. सुलेमानने कामाचं सगळं ऐकून घेतलं. मग, "रघूनं सांगितलं?" शेठ म्हणाला, हो, त्यांनीच. "मग ठीक हाय," म्हणाला.

त्याच्या मनातली टोचणी आता जाईल. माणसावर कामाचा विश्वास टाकण्यासारखं दुसरं औषध नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

आज जे झालं ते नीट, क्रमाने लिहितो.

सकाळी मलिकाभाभी मला बघायला आल्या. सोबत खिमट आणि उकडलेली अंडी. हिच्याशी बोलता बोलता म्हणाल्या, "आज खिंडीत गेलेत. मी म्हटलं जाऊ नका, तर म्हणाले रघूनं भरवसा टाकलाय. भावजी, तुमी तरी समजवा. हे असे हात घेऊन माणूस खांबावर जातो काय?"

मी विचारलं, "असे हात म्हणजे?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुमाला ठाव नाय? साखरेनं हात गेलेत त्यांचे. पायबी. दोन वरसं झाली. तव्याला बोटं चिकटली तरी कळत नाय, वास आल्यावर समजतं. सदऱ्याची बटणं मी लावते. शिडीच्या दांड्यावर पाय पडला की नाय, ते खाली बघून ठरवतात."

चहाचा पेला, विडी, नट-बोल्ट, माझ्या हनुवटीवर आपटणारा चमचा. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी विनोद करत होतो. तार मेलेली नव्हती. त्या दिवशी त्याचा हात तारेवर होता तेव्हाही ती जिवंत होती. शिडी बांबूची, म्हणून त्याला नुसत्या मुंग्या आल्या असत्या, आणि त्याला त्या कळल्या नाहीत. त्याने "कायसुद्धा नाय" म्हटलं ते खोटं नव्हतं.

आणि आज हा माणूस माझ्या शब्दावर खिंडीतल्या प्रत्येक खांबावर सगळ्यांच्या आधी चढतोय. दांडा हाताला लागला की निसटला, ते कळणार नाही. पट्ट्याचा हूक बसला की नाही, ते कळणार नाही.

त्याचा फोन लागला, पण उचलेना. मग भाविकाला केला. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "काका, नंतर करू का? चाचा वर आहेत."

"पोरी, त्याला खाली घे. घाबरवू नकोस. हळू सांग."

तिने का म्हणून विचारलं नाही. फोन चालूच होता. मला तिचा आवाज ऐकू येत होता, "चाचा, काकांचा फोन आहे. तुमच्याशीच बोलायचंय म्हणतात. सावकाश या." मग वाऱ्याचा आवाज. मग दुसऱ्या कुणाला तरी ती म्हणाली, शिडी धर, खालून घट्ट धर. मी मोबाइल कानाला दाबून बसलो होतो आणि मलिकाभाभी माझ्यासमोर हात जोडून. एवढी वर्षं मी ह्या माणसाला वर पाठवलं, खाली उतरण्याची अशी वाट कधी बघितली नव्हती.

"बोल रघू."

सांगणं भाग होतं. भाविकाला सांगून मोकळा होऊ शकलो असतो, पण ते बरं दिसलं नसतं. म्हटलं, "सुलेमान, आता वर जाऊ नकोस."

"का?"

मी मलिकाभाभींकडे बघितलं. शेवटी तोच म्हणाला, "मलिकानं सांगितलं?"

"हो."

"आणि तू पोरीला सांगितलंस?"

"अजून नाही. पण सांगणार आहे."

फोन भाविकाच्या हातात गेला. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, बरं केलंत." मला तसं वाटलं नाही. चाळीस माणसांत ज्याचा हात मी वर केला, त्याचा हात निकामी आहे हे मीच सांगून टाकलं.

संध्याकाळी कळलं की त्याने पट्टा काढला, घडी घालून जीपमध्ये ठेवला आणि कुणाशी न बोलता मिळेल त्या रिक्षाने घरी गेला.

२२ डिसेंबर, रविवार

रोज फोन करतो. घंटी जाते. उचलत नाही.

हिला म्हटलं, मी चुकलो का? ही म्हणाली, "तो जिवंत आहे ना? मग रुसू दे." बरोबर आहे. पण मला रात्रंदिवस एकच वाटतं, की ज्या गोष्टीवर त्या माणसाने आयुष्यभर मान वर ठेवली ती मी काढून घेतली.

२९ डिसेंबर, रविवार

आज शेवटी अष्टमीला गेलो. बँडेज आता पातळ आहे, उजवी बोटं जराशी वळतात. एसटीतून उतरलो आणि कुंडलिकेच्या पुलावरून चालत गेलो. पुलावर वारा होता. पूर्वी इथे उभं राहून आम्ही दोघं गावातल्या लाइनी मोजायचो, कुठली कुणाच्या घरात जाते ते सांगायचो. आता वर बघावं तर काळ्या केबलींचं जाळं, कुणाची कुठे जाते देवाला माहीत.

दार उघडंच होतं. मलिकाभाभी शेजारच्या घरी लग्नाच्या कामाला गेल्या होत्या. सुलेमान मागच्या पडवीतून आला, मला बघितलं आणि खुर्चीत बसला. या नाही, बस नाही. मीच स्टूल ओढून समोर बसलो.

मग मी म्हटलं, "मला सांगायचं होतंस."

"कवा?" तो म्हणाला. "तू फोनवर एक तास जुन्या गोष्टी सांगत व्हतास तवा? का सगळ्यांसमोर माझा हात वर केलास तवा? हॉस्पिटलात सांगायला गेलो, तर तू ईदची गोष्ट काढलीस."

मी मान खाली घातली.

"मला कामावर यायचंच नव्हतं, रघू. नाय म्हटलं तर तुला कारण सांगायला लागलं असतं. तू माझ्या हाताचं एवढं करतोस. ते गेलं म्हणून तुला कुठल्या तोंडानं सांगू?" मग थांबून म्हणाला, "मी तारेवर हात ठेवला, डोळे मिटले, काय कळंना. मला वाटलं खरंच काय नसेल. मनानं धरलं तसं. तुला लटकलेला बघितला तवा समजलं."

मला वाटत होतं तो माझ्यावर रागावलाय, म्हणून मी माफी मागायची तयारी करून आलो होतो. पण त्याला राग नव्हता. त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि मी त्याला रोज फोन करून ती लाज वाढवत होतो. मी म्हटलं, "अरे, मी वाचलो की. आणि टेस्टर खणात मी टाकला, तू नाही. तू तर घे म्हणाला होतास."

तो उठून पाणी आणायला आत गेला.

तेव्हा मला लादीवर डाग दिसले. पडवीपासून खुर्चीपर्यंत आणि खुर्चीपासून आत. लाल, एका आड एक पावलाला. तो पाणी घेऊन आला तेव्हा आणखी उमटले. त्याला पत्ताच नव्हता.

"बस," मी म्हटलं. "पाय दाखव."

"कशाला?"

"दाखव म्हणतो ना."

त्याने खाली बघितलं, लादी बघितली आणि एकदम केविलवाणा झाला. पाय मागे घेऊ लागला. मी तो धरला आणि मांडीवर घेतला. टाचेत बाभळीचा काटा घुसला होता, चांगला आतपर्यंत. सकाळी खाडीकडे गेला असेल, तेव्हापासून त्याच्यावरच चालत होता. उजव्या हाताने मला जमेना, म्हणून डाव्या हाताच्या नखांनी धरला आणि ओढला. सुलेमान माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काटा हाय?" त्याने विचारलं.

"हो."

"मोठा?"

"मोठा आहे. दुखलं?"

"नाय."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. त्यानेच आणलेल्या पाण्याने पाय धुतला, रुमालाने पुसला. डॉक्टरांनी त्याला सांगितलंय, रोज कुणीतरी तळपाय बघायला हवेत. मलिकाभाभींना वाकता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाला दाखवायला हा तयार नाही.

मी म्हटलं, "दर रविवारी मी येणार. मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉल लावायचा आणि तळवा समोर धरायचा. भाभी मोबाइल धरतील."

"फोनवर पाय बघणार माझा?"

"टेलिफोनची माणसं आपण. दुसऱ्या कशावर बघणार?"

तो हसला नाही. त्याने नाक ओढून पडवीकडे बघितलं. मग न सांगता त्याने दुसरा पाय उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.